मोबाईल असताना चावीचं घड्याळ कशाला? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात जुन्या मनगटी घड्याळांबद्दल प्रश्न पाठवा असं म्हटलं होतं. पत्रं भरपूर आली आणि त्यातली निम्मीअधिक एचएमटीवर, म्हणजे आपल्या सरकारी कंपनीच्या जुन्या घड्याळांवर आहेत, त्यामुळे उत्तरांतही एचएमटीच जास्त आहे. सारखेच प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : मी २७ वर्षांचा, आयटीत नोकरी करतो. मला जुनं एचएमटी पायलट घ्यायचंय. बाबा म्हणतात, आम्ही हे काढून टाकलं आणि तू पैसे मोजून भंगार घरात आणतोयस. आई म्हणते, दुसऱ्याच्या हातातलं घड्याळ नको. मलाही नीट सांगता येत नाहीये की मला ते का हवंय. तुम्ही लोक का घेता? — एक वाचक, नाशिक

बाबांचं म्हणणं त्यांच्या जागी अगदी बरोबर आहे, ते आधी मान्य करा. त्यांच्या पिढीला रोज सकाळी चावी द्यावी लागायची, पावसाळ्यात काचेच्या आत वाफ धरायची, आठवड्यातून एकदा रेडिओच्या बातम्यांना टाइम लावून घ्यायचा, आणि मग ८० च्या दशकाच्या शेवटी टायटन आलं, सेलवर चालणारं, पातळ, देखणं, महिनोन्महिने बघायला लागत नाही असं, तर लोकांनी जुनं टाकलं नसतं तरच नवल. त्यांना टाइम हवा होता आणि तो क्वार्ट्झनं, म्हणजे या सेलवाल्या घड्याळानं, जास्त चांगला दिला. आजही देतंच. तुम्हाला फक्त टाइमच बघायचा असेल तर जुनं घड्याळ घेऊ नका, मोबाईल आहे की.

पण तुम्हाला टाइम नकोय, तुम्हाला ते यंत्र हवंय, असं तुमच्या पत्रावरून मला वाटतं. माझ्यापुरतं पहिलं कारण तेच आहे. चावीच्या घड्याळात लपवलेलं काहीच नसतं. मागचं झाकण उघडलं की सगळा कारभार समोर. चावी दिली की मेनस्प्रिंग आवळते, तिला सुटायचं असतं, ती दातेरी चाकांना ढकलते, आणि शेवटचं चाक सुसाट सुटू नये म्हणून पॅलेट नावाचा छोटासा अडसर त्याला एक दात सोडतं, अडवतं, एक दात सोडतं, अडवतं. ही सोड-अडव कधी करायची ते बॅलन्स व्हील ठरवतं, केसाएवढ्या बारीक स्प्रिंगवर मागेपुढे झोके घेत. एचएमटीच्या जनता किंवा पायलट मॉडेलचं मशीन तासाला १८,००० ठोक्यांचं आहे, म्हणजे सेकंदाला ५, दिवसाला ४,३२,०००. ना सेल, ना चिप, ना अपडेट. ५० वर्षांपूर्वी बनलेलं मशीन आज एखादा घड्याळजी पूर्ण खोलतो, धुतो, तेल देतो, बसवतो आणि ते परत चालायला लागतं! तुमच्या घरातलं आत्ताचं कुठलं यंत्र ५० वर्षांनी असं खोलून चालू करता येईल ते आठवून बघा.

दुसरं कारण आपल्या देशाचं आहे आणि ते मी अभिमानानं सांगतो. एचएमटी मुळात लेथ नि मिलिंग मशीन बनवणारी सरकारी कंपनी. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं बेंगळुरूला घड्याळाचा कारखाना सुरू केला आणि पहिली बॅच पंडित नेहरूंच्या हस्ते बाहेर पडली. त्याआधी मनगटी घड्याळ म्हणजे स्विस, नाहीतर चोरट्या मार्गानं आलेलं. नंतर श्रीनगर, तुमकूर, नैनिताल जिल्ह्यातलं राणीबाग असे कारखाने झाले. नावं बघा ना नुसती, जनता, जवान, विजय, कोहिनूर, सोना, रजत, कांचन, सुजाता, श्रीनगरवरून चिनार. अंध लोकांसाठी काच उघडून बोटानं काटे चाचपता येतील असं ब्रेल घड्याळसुद्धा काढलं. दहावी पास झालास, घे एचएमटी. जावयाला एचएमटी. रिटायरमेंटला ऑफिसतर्फे एचएमटी. २०१६ मध्ये केंद्र सरकारनं एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. तेव्हा ज्या कारखान्यांनी आपल्या तीन पिढ्यांना वेळ दाखवली त्यांच्या हातचं एक काम आपल्याकडे चालू स्थितीत असावं असं वाटणं, मला नाही वाटत यासाठी कुणाला स्पष्टीकरण द्यायची गरज आहे.

तिसरं कारण साधं आहे. अंगावर शोभतं. जनता साधारण ३५ मिलिमीटरचं, आपल्याकडच्या बारीक मनगटावर नीट बसतं, शर्टाच्या बाहीत जातं. हल्ली ४२-४४ ची घड्याळं बघून डोळ्यांना सवय झालीये म्हणून पहिले काही दिवस छोटं वाटेल, मग मोठंच विचित्र वाटायला लागतं.

आणि आईंचा मुद्दा, दुसऱ्याच्या हातातलं. स्वच्छतेचा प्रश्न असेल तर तो सोपा आहे, जुना पट्टा टाकायचा, केस, म्हणजे घड्याळाची बाहेरची धातूची डबी, घड्याळजीकडून मशीनमध्ये धुऊन घ्यायची, मागच्या झाकणाच्या कडेला आणि पट्ट्याच्या पिनेपाशी साठलेला काळा थर निघाला की झालं. पण मनाचा प्रश्न असेल तर त्यांना एखादं नाव कोरलेलं घड्याळ दाखवा. माझ्याकडे एक जनता आहे, मागच्या झाकणावर हातानं कोरलंय, ‘सप्रेम भेट’, त्याखाली साल, त्याखाली आडनाव, मधली दोन अक्षरं मनगटावर घासून घासून गेलेली. अक्षरं एका रेषेत नाहीत, ‘प्रे’ची मात्रा जरा लांब गेलीये, कोणीतरी बाजारात बसून सुईसारख्या हत्यारानं घाईत काढलेली. अक्षरं झिजायला ते रोज, वर्षानुवर्षं हातात असावं लागतं. ज्याला मिळालं त्यानं ते कपाटात ठेवलं नाही, वापरलं. दुसऱ्याचं आहे म्हणून ते नको, असं मला कधी वाटलंच नाही, उलट त्याच्यासाठीच घेतलं. बरेच लोक असं झाकण पॉलिश करून अक्षरं उडवून मागतात, ते मला बघवत नाही.

तेव्हा बिनधास्त घ्या. फक्त घाई करू नका, कारण पायलटच्या बाबतीत बाजारात काय चाललंय ते पुढच्या प्रश्नात आहे.

प्रश्न : ऑनलाइन एक एचएमटी पायलट बघितलं, लालभडक डायल, काटे केशरी, एकदम कोरं. सेलर म्हणतो रेअर कलर आहे, जुना स्टॉक आहे. घ्यावं का? — एक वाचक, सांगली

नाही.

पायलट म्हणजे काळी डायल, वर पांढरट ठळक आकडे, हातानं चावी द्यायचं १७ ज्वेलचं (चाकांची झीज कमी करणाऱ्या १७ बारीक खड्यांचं) मशीन. लोकांच्या डोक्यात जे पायलट आहे ते हे. बाजारात आता लाल, पोपटी, जांभळं, भगवं, विमानाचं चित्र असलेलं, फौजेचं चिन्ह असलेलं, म्हणाल ते पायलट मिळतं, आणि ती बहुतेक सगळी जुनी डायल खरवडून त्यावर नवा रंग आणि नवी छपाई करून केलेली असतात. याला रीडायल म्हणतात. आत मशीन एचएमटीचंच असू शकतं, कधी दोन-तीन घड्याळांचे पार्ट मिळून एक केलेलं असतं. जगभरच्या संग्राहकांमध्ये असल्या मालाला ‘मुंबई स्पेशल’ असं नाव पडलंय, जुन्या जपानी ‘सेइको ५’ घड्याळांचे असे रंगवलेले पीस इथून इतके बाहेर गेले की आपल्या शहराचं नावच त्याला चिकटलं. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण याच मुंबईत उत्तम घड्याळजी झाले आणि याच मुंबईत १९व्या शतकापासून स्विस कंपन्यांची दुकानं होती, फाव्र-लूबा १८६५ पासून.

ओळखायचं कसं? सेलरकडून डायलचा जवळून, सरळ वरून काढलेला फोटो मागवा आणि मोठा करून बघा. आधी कडेची मिनिटांची रेघोटी. कारखान्यातली छपाई सुरीनं कापल्यासारखी असते, प्रत्येक रेघ तेवढीच जाड, तेवढीच लांब. रीडायलमध्ये रेघांची टोकं फुगतात, १२ पाशी एक अंतर, ७ पाशी दुसरं. मग अक्षरं. ‘पॅराशॉक’ (धक्क्यापासून संरक्षण), ‘१७ ज्वेल्स’ ही बारीक इंग्रजी अक्षरं बघा, त्यात शाई पसरली असेल, ओळ तिरकी असेल, लोगो मध्यरेषेवरून सरकला असेल तर सोडून द्या. मग काटे. मिनिटकाटा त्या रेघोटीपर्यंत पोचायला हवा. आधीच थांबत असेल तर काटा दुसऱ्या घड्याळाचा आहे. शेवटी एक साधा विचार करा, केस झिजलीये, कडा गोल झाल्यात, झाकणावर ओरखडे आहेत, आणि डायल मात्र कालच छापल्यासारखी कोरी? असं होत नाही. सगळं घड्याळ एकत्रच म्हातारं होतं.

कोऱ्या डायलचा मोह मी समजू शकतो. पण सागवानी जुन्या दरवाजाला चकचकीत ऑइलपेंट फासलं की दरवाजा नवा होत नाही, त्यातला साग तेवढा जातो, तसंच आहे हे. डायलवर पिवळट झाक आलीये, ४ च्या जवळ एक ठिपका आहे, रेडियमचे दाणे करडे पडलेत, तर तेवढ्यासाठी नाक मुरडू नका. तो ठिपका ओरिजिनल आहे! संग्राहक पैसे त्याच गोष्टीचे देतो, की या घड्याळाला कुणी हात लावलेला नाही. डाग असलेलं खरं आणि कोरं रंगवलेलं अशी दोन समोर ठेवली तर डोळे झाकून डागवालं उचला. अपवाद एकच, आतपर्यंत पाणी जाऊन डायलचा पत्राच गंजला असेल तर ते घेऊन उपयोग नाही, कारण मग मशीनमध्येही गंज असणार.

आणि एक. कुणाला लाल डायल खरंच आवडते, रीडायल आहे हे माहिती आहे, सेलरनंही तसं सांगितलंय आणि भाव तसाच लावलाय, तर त्यात फसवणूक काही नाही. खोटं बोलून विकणं वेगळं.

प्रश्न : जुनी घड्याळं चांगली इन्व्हेस्टमेंट आहेत असं ऐकतो. एचएमटीत पैसे घालावेत का? — पुण्याहून दोघांनी विचारलंय

त्यासाठी घालू नका. २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात एक रोलेक्स डेटोना पावणेदोन कोटी डॉलरच्या वर गेलं, ती बातमी सगळ्यांनी वाचली आणि तेव्हापासून हा प्रश्न येतो. ते घड्याळ अभिनेता पॉल न्यूमनचं स्वतःचं होतं, मागे त्याच्या बायकोनं, जोॲन वुडवर्डनं, गाडी जपून चालव अशा अर्थाचा मजकूर कोरून घेतलेला, आणि ते न्यूमनचंच आहे याची साखळी पुराव्यानिशी जुळत होती. भाव त्या गोष्टीला मिळाला, त्याच मॉडेलच्या दुसऱ्या घड्याळाला तो मिळत नाही. २०२२ च्या सुरुवातीला तर नवीजुनी स्विस घड्याळं आभाळाला भिडली होती आणि तिथून खाली आली, वरच्या भावात घेतलेले अडकले.

एचएमटी कोटींनी बनली. काही मॉडेल दुर्मिळ आहेत, भाव वाढतातही, पण विकायला गेलात की गिऱ्हाईक शोधायला वेळ लागतो, मध्ये सर्व्हिसिंगचा खर्च होतो. जेवढे पैसे गेले तरी झोप उडणार नाही तेवढेच घाला, आणि असं घड्याळ घ्या की उद्या भाव शून्य झाला तरी ते हातात घालावंसं वाटेल.

प्रश्न : माझे सासरे फौजेत होते. त्यांचं वेस्ट एंड वॉच कंपनीचं सोवार प्राइमा घड्याळ घरात आहे, आकड्यांवर आणि काट्यांवर पिवळसर तपकिरी रंग भरलेला आहे. पूर्वी रात्री चमकायचं म्हणे, आता चमकत नाही. मुलगा म्हणतो विषारी आहे, टाकून दे. टाकू का? — एक वाचक, सातारा

टाकू नका हो! पण मुलगा अगदीच चुकीचं बोलत नाहीये, त्याचंही ऐका.

वेस्ट एंड ही मुंबईशी जोडलेली कंपनी, १८८६ मध्ये इथे सुरू झाली, घड्याळं स्वित्झर्लंडहून बनून यायची. सोवार म्हणजे आपला घोडदळातला स्वार. हिंदुस्थानी फौजेत ही घड्याळं खूप चालली, दणकट म्हणून नावाजलेली. सातारा भागात घरटी एक फौजी असलेली गावं आहेत, तिथल्या पेट्यांतून अशी घड्याळं आजही निघतात, तुमचं त्यातलंच.

आता रंगाचं. १९६० च्या आधीच्या घड्याळात तो रंग बहुधा खऱ्या रेडियमचा असतो. आपण अंधारात चमकणाऱ्या सगळ्यालाच रेडियम म्हणतो, पण हे खरोखरचं, किरणोत्सारी. आता चमकत नाही म्हणजे रेडियम संपलं असं मात्र नाही. रेडियमची शक्ती निम्मी व्हायला १,६०० वर्षं लागतात. संपला तो त्यात मिसळलेला झिंक सल्फाइडचा पदार्थ, जो किरणांचा उजेड करायचा. १९२० च्या दशकात अमेरिकेत घड्याळांवर हा रंग भरणाऱ्या मुली ब्रशचं टोक ओठांत धरून बारीक करायच्या, त्यातल्या कित्येक जबड्याच्या आणि हाडांच्या रोगानं गेल्या. म्हणजे धोका पोटात किंवा फुप्फुसात जाण्याचा आहे. बंद काचेआड असलेलं घड्याळ कपाटात राहू द्या, उशाशी किंवा देवघरात रोज जवळ ठेवू नका, लहान मुलांच्या हाती देऊ नका, आणि काच घरी अजिबात उघडू नका, कारण तो रंग आता ठिसूळ होऊन त्याची भुकटी पडते. काच फुटलेली असेल तर झिपवाल्या पिशवीत सीलबंद करा. दुरुस्तीला देताना घड्याळजीला रेडियम आहे हे स्पष्ट सांगा, त्याला अंदाज असला तरी सांगा, तो दिवसभर डोळ्याला भिंग लावून त्याच्यावर वाकून बसणार असतो.

नंतरच्या घड्याळांत ट्रिटियम आलं, डायलच्या तळाशी ‘स्विस’च्या दोन्ही बाजूंना टी असं अक्षर असतं, ते बरंच सौम्य आणि त्याची शक्ती साधारण १२ वर्षांत निम्मी होते. तुमच्या डायलवर तो टी आहे का ते भिंगानं बघून कळवा.

डायल रंगवून घेऊ नका, हे तुम्हालाही सांगतो. सासऱ्यांनी जशी ठेवली तशीच राहू द्या.

प्रश्न : चावी किती द्यायची? जास्त दिली तर तुटते ना? — कोल्हापूर, लातूर, बेळगाव

अडेपर्यंत द्या आणि अडलं की थांबा, बस. ‘जास्त चावी दिल्यामुळे बंद पडलं’ असं घरोघरी म्हणतात, पण पूर्ण चावी दिलेलं घड्याळ बंद पडतं ते आतलं तेल वाळून चिकट झाल्यामुळे, चावीमुळे नाही. रोज ठरावीक वेळी, सकाळी दिलेली चांगली. घड्याळ हातातून काढून द्या, मनगटावर असताना चावी तिरकी दाबली जाते आणि तिचा दांडा झिजतो. दर ४-५ वर्षांनी खोलून साफसफाई आणि ऑइलिंग करून घ्या.

अचानक दिवसाला कित्येक मिनिटं पुढे जायला लागलं तर बिघडलं म्हणून घाबरू नका, बहुतेक वेळा ते मॅग्नेट झालेलं असतं, स्पीकर, पर्सचं चुंबकाचं बटण, लॅपटॉप. घड्याळजीकडे डीमॅग्नेटायझर असतो, मिनिटभराचं काम. आणि दिवसाला अर्धा मिनिट फरक पडतो म्हणून तक्रार करू नका. दिवसात ८६,४०० सेकंद असतात, त्यात ३० इकडेतिकडे म्हणजे एवढ्या वयाच्या यंत्रानं कमालच केलीये.

प्रश्न : आईचं एचएमटी सुजाता मला मिळालंय, अगदी छोटं. तीन घड्याळजींनी ‘लेडीज आहे, वेळ लागेल, नवीन घ्या’ म्हणून परत पाठवलं. लेडीज घड्याळाला संग्राहकांत किंमत नाही असंही एकाने सांगितलं. खरंय का? — एक वाचक, मडगाव

बाजारात भाव कमी मिळतो हे खरं आहे, आणि ते सरळसरळ अन्यायाचं आहे असं माझं मत आहे. पुरुषांच्या घड्याळात जे आहे तेच सगळं त्याच्या निम्म्या जागेत बसवलंय, कौशल्य जास्तच लागलं असणार ना! म्हणूनच घड्याळजी नाही म्हणतात, स्क्रू इतके बारीक की चिमट्यातून उडाला तर सापडत नाही, आणि मेहनत दुप्पट असून गिऱ्हाईक पैसे तेवढेच द्यायला तयार असतं. पुढच्या वेळी गेलात की आधीच सांगा, पुरुषांच्या घड्याळापेक्षा जास्त देईन, महिना लागला तरी चालेल. बरेच जण तेवढ्यावर तयार होतात. म्हापसा किंवा पणजीत वय झालेला एखादा घड्याळजी शोधा, अशी छोटी मशीनं त्या पिढीनं रोज हाताळलीयेत. देताना मशीनचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा आणि जुने काढलेले पार्ट परत द्या म्हणून सांगा. बंद पडलेलं दुसरं सुजाता कुठे स्वस्तात मिळालं तर घेऊन ठेवा, नवीन पार्ट येणार नाहीत, त्यातलेच लागतील.

गोव्याच्या दमट हवेत पावसाळ्याचे चार महिने ते घालू नका, रबराची वायसर कडक झालेली असते आणि घामाचं पाणीसुद्धा आत जातं. ऑक्टोबरपासून रोज घाला.